प्रयोगांचे जागतिक पुस्तक आणि आपले अंगण

दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले, तेव्हा अनेक देशांतील शाळांच्या प्रयोगशाळा उद्ध्वस्त झाल्या होत्या. शिक्षक होते, मुले होती, उपकरणे नव्हती. अशा शाळांसाठी जे. पी. स्टीफन्सन या इंग्लंडमधील विज्ञानशिक्षकाने एक पुस्तिका लिहिली व युनेस्कोने ती १९४८ मध्ये प्रसिद्ध केली. रोजच्या वापरातील वस्तूंपासून उपकरणे कशी करावीत, हा तिचा विषय. मुळातच साधने नसलेल्या देशांनाही ती उपयोगी पडली. तिच्या पायावर १९५६ मध्ये युनेस्कोचे विज्ञान-अध्यापनाचे ‘सोर्स बुक’ तयार झाले. त्याचे अनेक भाषांत अनुवाद झाले आणि १९७३ मध्ये ते नव्या स्वरूपात निघाले.

परदेशी शिकवायला जाणाऱ्या शिक्षकाने कोणते पुस्तक जवळ ठेवावे, असे कोणी विचारले तर मी याचेच नाव सांगेन. मात्र असे पुस्तक वाचण्याची एक रीत आहे. ती दोन साध्या प्रयोगांवरून पाहू.

पहिला प्रयोग लंबकाचा. दोऱ्याला एक लहान दगड बांधा. टांगलेल्या टोकापासून दगडाच्या मध्यापर्यंतचे अंतर १ मीटर ठेवा आणि लहानसा झोका द्या. २० आंदोलनांना सुमारे ४० सेकंद लागतील. विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंत यात पडणारा फरक इतका अल्प आहे, की तो साध्या घड्याळाने कळणार नाही. हा प्रयोग कोणत्याही देशात जसाच्या तसा करावा.

दुसरा प्रयोग काठीच्या सावलीचा. लंडनमध्ये मध्यान्हीची सावली वर्षभर उत्तरेकडेच पडते. सिडनीत ती वर्षभर दक्षिणेकडे पडते. नैरोबी विषुववृत्ताजवळ असल्याने तिथे सुमारे अर्धे वर्ष ती उत्तरेला, तर अर्धे वर्ष दक्षिणेला असते. आणि पुण्यात? तिथे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य मध्यान्ही डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, म्हणून सावली दक्षिणेला पडते. एरवी ती उत्तरेकडे असते.

आता समजा, जूनमध्ये शाळा उघडली, ढगांतून थोडे ऊन पडले आणि एका मुलीने सावली मोजून ‘दक्षिण’ असे लिहिले. शिक्षकाजवळच्या युरोपीय पुस्तकात ‘उत्तर’ असे आहे. तिचे उत्तर चूक ठरवले, तर आपल्या डोळ्यांपेक्षा छापील ओळ खरी, एवढेच ती मुलगी शिकेल.

म्हणून कोणताही प्रयोग वर्गात नेण्यापूर्वी तो स्वतः करून पाहावा आणि स्वतःला विचारावे : यातले काय सगळीकडे सारखे आहे, आणि काय अक्षांश, उंची किंवा ऋतू यांनुसार बदलेल? उत्तर पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने लिहून ठेवावे. पुढच्या गावी, पुढच्या देशात गेल्यावर ते पुन्हा तपासावे लागेल.