फ्लूट ट्रम्पेटला भारी पडतो तेव्हा

लोणार तालुक्यातल्या बीबीत बसून वाद्यवृंदाचं संगीत रचायला आज लॅपटॉप, लहानसा मिडी कीबोर्ड आणि बरे हेडफोन पुरतात. ‘बीबीसी सिंफनी ऑर्केस्ट्रा डिस्कव्हर’सारखी ध्वनिसंग्रहाची छोटी आवृत्ती फुकट मिळते. मिळत नाही तो प्रत्यक्ष वाद्यवृंद ऐकण्याचा सराव. २००६ साली सुरू झालेला सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात वाजतो, म्हणजे बीबीहून रस्त्याने चारशेहून अधिक किलोमीटरवर. आपला कान तयार झालेला असतो तो सिनेमाच्या गाण्यांवर. तिथे एकटी बासरी सगळ्या व्हायोलिनांच्या डोक्यावरून ऐकू येते, कारण तिच्यासमोर स्वतंत्र माइक असतो. टेम्पलेट, म्हणजे सगळ्या वाद्यांची आधीच करून ठेवलेली मांडणी, लावताना होणारे बरेचसे गैरसमज इथूनच येतात.

सगळ्यात पहिला गैरसमज असा की सगळे फेडर, म्हणजे आवाजाच्या सरकपट्ट्या, शून्यावर ठेवले की समतोल झाला. पण अनेक संग्रहांत प्रत्येक वाद्याचे नमुने, म्हणजे रेकॉर्ड केलेले स्वर, जवळपास सारख्याच पातळीवर आणून ठेवलेले असतात. त्यामुळे फ्लूट आणि ट्रम्बोन एकाच ताकदीचे वाटतात. रशियन संगीतकार रिम्स्की-कोर्साकोव्ह यांच्या वाद्यवृंदरचनेवरच्या ग्रंथात (१९१३, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध) याचा ढोबळ हिशेब आहे. जोरात वाजताना एक ट्रम्पेट म्हणजे दोन हॉर्न, आणि एक हॉर्न म्हणजे दोन फ्लूट किंवा दोन क्लॅरिनेट. म्हणजे एका ट्रम्पेटसमोर चार फ्लूट उभे करावे लागतात. टेम्पलेट लावायला बसताना हे प्रमाण भिंतीवर चिकटवून ठेवावं, इतकं ते कामाचं आहे.

व्हायोलिनांच्या बाबतीत उलटी चूक होते. सोळा व्हायोलिन म्हणजे सोळापट आवाज, असं मनात बसलेलं असतं. प्रत्यक्षात वादक दुप्पट झाले की पातळी साधारण ३ डेसिबलने वाढते. एकाचे सोळा झाले की १२ डेसिबलने. कानाला दुप्पट वाटायला सुमारे १० डेसिबल लागतात. म्हणजे सोळा जण मिळून एकाच्या दुपटीहून थोडेच मोठे वाटतात. त्यांचा खरा फरक पडतो तो आवाजाच्या दाटपणात आणि मऊपणात.

आता सगळ्यांत चिवट गैरसमज: हळू वाजवायचं तर व्हॉल्यूम कमी करायचा. ट्रम्पेट जोरात फुंकला की नुसता आवाज वाढत नाही, स्वराचा पोतही बदलतो. वरचे स्वरांश उसळून येतात आणि नाद चकचकीत, धारदार होतो. तो नमुना फेडरने खाली ओढला तर हळू वाजणारा ट्रम्पेट मिळत नाही, लांबच्या खोलीत जोरात वाजणारा मिळतो. म्हणून चांगल्या संग्रहात हळू, मध्यम, जोरात असे वेगवेगळे थर रेकॉर्ड केलेले असतात, आणि लांब स्वरांसाठी ते बहुधा मॉड्युलेशन व्हीलने, म्हणजे सीसी १ (मिडीचा नियंत्रण क्रमांक १) ने, बदलतात. सीसी ७ टेम्पलेटमधल्या मूळ पातळीसाठी. सीसी ११ वाक्यातल्या बारीक चढउतारासाठी. सीसी ७ टेम्पलेट लावताना ठरवावा आणि मग रचना करताना त्याला हात लावू नये. शिवाय त्याचे आकडे सरळ चालत नाहीत. जनरल मिडी या मानकाच्या शिफारशीप्रमाणे १२७ वरून ६४ वर आलं की पातळी जवळजवळ १२ डेसिबलने उतरते, म्हणजे ऐकताना निम्म्याहूनही कमी.

रात्री घरचे झोपल्यावर हळू आवाजात समतोल लावू नये. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवलं की आवाज हळू असताना कानाला खर्ज कमी ऐकू येतो. तेव्हा डबल बास चढवला जातो आणि सकाळी सगळं घुमायला लागतं.

खरे वादक असले की समतोलाचा प्रश्न उरत नाही, हेही अर्धसत्य. ‘सैराट’ चित्रपटासाठी (२०१६) संगीतकार अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर वाद्यवृंद रेकॉर्ड केला; पण अशा जागीही माइक असतात, मिक्सिंग असतं, आणि गाण्याच्या गरजेप्रमाणे नैसर्गिक प्रमाण मुद्दाम मोडता येतं. मोडायला हरकत नाही, पण आधी ते माहीत हवं.

आणि टेम्पलेट एकदा लागलं की कायमचं लागलं, असंही नाही. रिम्स्की-कोर्साकोव्ह यांच्याच ग्रंथाप्रमाणे हळू वाजताना लाकडी आणि पितळी फुंकवाद्यं जवळपास बरोबरीत येतात. म्हणून चाचणी दोन टोकांना घ्यावी. फ्लूटला मध्य सप्तकाच्या सा-रे-गच्या (सा म्हणजे मधला सी धरून) आसपास, म्हणजे त्याच्या सर्वांत दुबळ्या जागी ठेवावं आणि ट्रम्पेट-ट्रम्बोन पूर्ण जोरात लावावेत. फ्लूट स्पष्ट ऐकू आला, तर त्याचा सीसी ७ खाली आणावा. मग सगळ्यांचं व्हील तळाशी नेऊन तोच स्वरसमूह पुन्हा वाजवावा. आता फ्लूट ऐकू यायलाच हवा.