शब्दाच्या पोटातले लॅटिन

इन्सुलिनच्या माहितीपत्रकात ‘सबक्युटेनियस’ असा शब्द असतो. तो अनोळखी वाटला, तरी ‘सबमरीन’ ठाऊक असलेल्याला त्याचा अर्धा भाग आधीच येत असतो. ‘सब’ म्हणजे खाली, आणि ‘क्युटिस’ म्हणजे लॅटिनमधली त्वचा. म्हणून हे इंजेक्शन त्वचेखाली द्यायचे. ‘इंट्राव्हेनस’मध्येही ‘इंट्रा’ म्हणजे आत आणि ‘व्हेना’ म्हणजे शीर. मराठी वाचकाला ही रीत परकी नाही. ‘हृ’ धातूला उपसर्ग लागून आहार, विहार, प्रहार, संहार होतात, हे आपण शाळेतच शिकतो.

पण त्याच उदाहरणात एक इशाराही आहे. ‘हृ’ म्हणजे नेणे, एवढ्यावरून ‘विहार’चा अर्थ कुणालाही काढता येणार नाही. लॅटिन धातूही अर्थाचा अंदाज देतो, आणि तो तपासावाच लागतो. ‘इनव्हिजिबल’मधला ‘इन’ नकाराचा आहे. ‘इन्फ्लेमेबल’मधला तसा नाही, ती वस्तू चटकन पेट घेणारी असते. हा गोंधळ जिवावर बेतू शकतो, म्हणूनच २० व्या शतकात अमेरिकेतील अग्निसुरक्षेच्या जाणकारांनी ‘फ्लेमेबल’ हा शब्द वापरण्याचा आग्रह धरला. ‘पेडेस्ट्रियन’मध्ये लॅटिन पाय आहे, आपल्या ‘पद’चा सगोत्र, ‘पेडियाट्रिक्स’मध्ये मात्र ग्रीक मूल. कधी तर फोड अचूक असूनही शास्त्र चुकते. ‘मलेरिया’ हा इटालियन शब्द ‘वाईट हवा’ या अर्थाचा. रोनाल्ड रॉस यांना १८९७ मध्ये सिकंदराबादेत डासाच्या जठरात मलेरियाचा परजीवी सापडला, पण नाव जुन्या समजुतीचेच राहिले.

मग धातूंच्या याद्या पाठ करण्यात वेळ का घालवावा, असे विचारले जाते. वॉटर, हँड, ब्रेड हे रोजचे शब्द तर लॅटिन नाहीतच. आक्षेप खरा आहे. मात्र हे शब्द विद्यार्थ्याला लवकर येतात. तो अडतो तो वैद्यक, कायदा आणि विज्ञानाच्या पुस्तकांत, आणि तिथे लॅटिन व ग्रीक घटक पानोपानी भेटतात. याद्यांची घोकंपट्टी मलाही निरुपयोगी वाटते. एका धातूचे चार-पाच शब्द एकत्र पाहिले, की तो धातू आपसूक लक्षात राहतो. तेव्हा शिक्षकांनी अनोळखी शब्दाचा अर्थ लगेच सांगू नये. मुलांना तो फोडू द्यावा, अंदाज वहीत लिहू द्यावा, वाक्यात बसतो का ते पाहू द्यावे आणि त्यानंतरच शब्दकोश उघडू द्यावा.