निर्वाहवेतन : माणसाचें कीं घराचें ?

मजुरी किती द्यावी असा प्रश्न निघाला म्हणजे आपण बहुधा 'चालू भाव काय आहे ?' एवढेंच विचारतों आणि भाव कळला कीं प्रश्न मिटला असें मानतों. बाजारांतील जिनसांस हा न्याय कदाचित् पुरेसा असेल. परंतु मजुरीच्या सौद्यामागें एक चूल असते, आणि त्या चुलीभोंवतीं किती माणसें जेवावयास बसणार ह्याचा उल्लेख त्या सौद्यांत कोठेंच नसतो. प्रस्तुत लेखांत ह्या अनुल्लेखाचाच थोडा विचार करावयाचा आहे.

वऱ्हाडांतील बुलढाणा जिल्ह्याचें उदाहरण घेऊं. तेरा तालुक्यांच्या ह्या जिल्ह्याचे तेथील लोक 'घाटावर' आणि 'घाटाखालीं' असे दोन भाग करतात. चिखली, मेहकर, लोणार हीं घाटावर. खामगांव, नांदुरा, मलकापूर हीं घाटाखालीं, पूर्णेच्या खोऱ्यांत. कपाशी, सोयाबीन व तूर हीं दोन्हींकडचीं मुख्य पिकें. ह्या शेतींत सालदाराचा करार गुढीपाडव्यास वर्षभरासाठीं होतो; निंदणाची मजुरी रोजावर ठरते; कापसाची वेचणी किलोवर आणि सोयाबीनची सोंगणी एकरावर, उक्त्यानें दिली जाते. वर्ष, दिवस, किलो आणि एकर अशीं हीं चार मापें झालीं. 'घर' हें माप मात्र ह्यांत नाहीं.

हें पांचवें माप कांहीं नवें नव्हे. इंग्लंडांत सीबोम राउंट्री ह्यानें यॉर्क शहरांतील मजुरांच्या घरांची पाहणी करून नुसतें शरीर धड राखण्यास काय खर्च येतो ह्याचा हिशेब १९०१ सालीं प्रसिद्ध केला. ऑस्ट्रेलियांत १९०७ सालीं न्यायमूर्ति हिगिन्स ह्यांनीं, सुमारें पांच माणसांचें घर साधेपणानें पण समाधानानें चालावें एवढें वेतन अकुशल मजुरासही मिळालें पाहिजे असें ठरवून, दिवसाला सात शिलिंगांचा निवाडा दिला. आपल्याकडे डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळांत मजूरखातें सांभाळीत असतांना १९४६ सालीं किमान वेतनाचें विधेयक मांडलें गेलें, आणि १९४८ सालीं त्याचा कायदा झाला. १९४९ च्या रास्त वेतन समितीनें किमान, रास्त आणि निर्वाह अशा वेतनाच्या तीन पायऱ्या सांगितल्या. किमान वेतनानें मजूर व त्याचें काम टिकतें. निर्वाहवेतनानें मुलांचें शिक्षण, आजारपण आणि म्हातारपण ह्यांचीही तरतूद होते. राज्यघटनेच्या ४३ व्या अनुच्छेदानें शेतमजुरासह सर्व कामकऱ्यांस हें निर्वाहवेतन मिळवून देण्याचा यत्न करणें हें राज्याचें कर्तव्य म्हणून नमूद केलें आहे.

पण घर मोजावें कसें ? १९५७ सालीं पंधराव्या भारतीय श्रमपरिषदेनें ह्याचें उत्तर दिलें. कमावता पुरुष म्हणजे एक माप, त्याची पत्नी ०.८, दोन मुलें प्रत्येकीं ०.६, एकूण तीन मापें. दर मापीं २,७०० उष्मांकांचें अन्न, चार माणसांस मिळून वर्षाचें ७२ वार कापड, घरभाडें, आणि जळण, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठीं एकंदर वेतनाचा पांचवा हिस्सा. माणशीं १८ वार कापड हें ऐकावयास पुष्कळ वाटतें. परंतु नऊवारी लुगडीं नेसणाऱ्या बाईचा वर्षाचा वांटा दोन लुगड्यांतच संपतो, चोळीलाही उरत नाहीं. पुढें १९९१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें शिक्षण, औषधोपचार, सणवार, लग्नकार्यें व वार्धक्य ह्यांसाठीं आणखी पंचवीस टक्के धरावेत असा निर्णय दिला.

आतां हें तीन मापांचें घर बुलढाणा जिल्ह्यांत नेऊन पाहूं. सालदाराच्या घरीं बायको व दोन मुलें ह्यांच्याखेरीज वृद्ध आईबाप असले कीं १.८ मापांची भर पडून घर ४.८ मापांचें होतें. एका विधवेचें घर घ्या : ती, दोन मुलें आणि सासू. बेरीज २.८, म्हणजे प्रमाणभूत घराहून ती किंचितच कमी. परंतु तिच्या पदरीं पडणारी निंदणाची मजुरी पुरुषाच्या मजुरीहून कमी. बाईची कमाई ही 'वरकड' असते, ह्या समजुतीवर तो दर बसला आहे. ह्या घरांत तर वरकड म्हणावयास मूळ कमाईच नाहीं! शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें २००६ सालीं केंद्र सरकारनें विदर्भांतील ज्या सहा जिल्ह्यांसाठीं विशेष मदत जाहीर केली त्यांत बुलढाणा होता, हें ध्यानांत घेतलें म्हणजे अशीं घरें कल्पनेंतलीं नव्हेत हें पटेल.

माणसांच्या संख्येप्रमाणें ठिकाणानेंही खर्च बदलतो. पूर्णाकांठच्या खारपाणपट्ट्यांत, विशेषतः संग्रामपूर व जळगांव जामोद ह्या तालुक्यांत, विहिरींचें पाणी खारें असून मूत्रपिंडाच्या विकारानें अनेक घरें खचलीं आहेत. तेथें पिण्याचें पाणी विकत घेणें हा घरखर्चाचा भाग होतो. १९५७ च्या हिशेबांत पाण्यास रकानाच नव्हता. उलट कापसासाठीं १८७० सालीं ज्या खामगांवांत रेल्वेचा फांटा आला, त्या शहरांत हमालाला घरभाडें जाचतें. सरपण, ताक, भाजी ह्यांपैकीं जें खेड्यांत क्वचित् फुकट मिळे, तें सर्व तेथें विकत.

आणखी एक गोष्ट सहसा नजरेआड होते, ती म्हणजे कामाचे दिवस. २०१९ सालीं केंद्र सरकारच्या तज्ज्ञ समितीनें घराचें माप ३ वरून ३.६ केलें आणि जुलै २०१८ च्या भावांनीं दिवसाला ३७५ रुपये किमान वेतन सुचविलें. महिन्यास हे ९,७५० रुपये होतात, पण केव्हां ? काम सव्वीस दिवस मिळालें तर. कोरडवाहू मुलखांत महिन्याला सरासरी पंधराच दिवस काम लाभलें, तर त्याच दरानें हातीं ५,६२५ रुपये येतात. ९,७५० मिळावयास रोज ६५० रुपयांचा हवा. पोट मात्र तीसही दिवस असतें. वि. स. पागे ह्यांच्या कल्पनेंतून निघालेली महाराष्ट्राची रोजगार हमी योजना ह्याच उणिवेवरचा उपाय होती. १९७७ सालीं तिचा कायदा झाला. २००५ च्या केंद्रीय कायद्यानें घरटीं शंभर दिवसांची हमी दिली. २०२४-२५ सालीं महाराष्ट्राचा दर २९७ रुपये होता. म्हणजे शंभरही दिवस काम मिळालें तरी वर्षाचे २९,७०० रुपये.

येथें कोणी विचारील, "मग काय ज्याचीं मुलें अधिक त्यास मजुरी अधिक द्यावयाची ?" आक्षेप रास्त आहे. तसें केल्यास मालक सड्या माणसासच कामावर घेईल आणि ज्या घराला गरज अधिक तेंच उपाशी राहील. ह्यास्तव दर कामाचा असावा आणि तो सर्वसाधारण घर चालेल इतका असावा; स्त्रीपुरुषभेद त्यांत नसावा, कारण विधवेचें घर सांवरण्याचा तोच पहिला उपाय आहे. ह्यापलीकडे घराघरांत जो फरक उरतो तो समाजानें भरून काढावयाचा : स्वस्त वा मोफत धान्यानें, गांवच्या शाळेनें, गोड्या पाण्याच्या नळानें, सरकारी इस्पितळानें, निराधारांच्या वेतनानें. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें पात्र घरांस माणशीं पांच किलो धान्य ठरलें. हा वांटा डोक्यांवर मोजलेला असल्यामुळें मोठ्या घरास आपोआप अधिक मिळतो. मजुरीला जें साधत नाहीं तें शिधापत्रिकेला साधतें.

दुसरा आक्षेप शेतकऱ्याचा. कापसाला भाव नाहीं, मजुरी वाढवूं कोठून, असें तो म्हणतो, आणि तें खोटें नाहीं. परंतु आधारभूत भाव ठरवितांना जो उत्पादनखर्च धरतात, त्यांत शेतकऱ्याच्या घरच्या माणसांचे श्रम चालू मजुरीच्या दरानेंच मोजले जातात. अर्थात् मुलखांतील मजुरी जितकी हलकी, तितकी त्याच्या स्वतःच्या व पत्नीच्या घामाची किंमतही हलकी धरली जाते. मजुराचें व लहान शेतकऱ्याचें हित येथें एकाच दाव्याला बांधलेलें आहे.

शेवटीं आपल्या घरांकडे वळूं. सातव्या वेतन आयोगानें १९५७ च्या ह्याच मापांनीं हिशेब करून, कौशल्याबद्दल कांहीं भर घालून, केंद्रीय नोकराचें किमान वेतन महिना १८,००० रुपये ठरविलें. तें १ जानेवारी २०१६ पासून लागू झालें. महागाई भत्ता वर्षांतून दोन वेळां सुधारतो, पेन्शनरांसही मिळतो, आणि तो कोणास मागावा लागत नाहीं. ह्याच सुमारास, २०१७ सालीं, देशभरच्या मजुरांसाठीं सुचविलेला किमान दर दिवसाला १७६ रुपये होता. सव्वीस दिवसांचे ४,५७६, म्हणजे त्या अठरा हजारांच्या चौथाईच्या जेमतेम वर. माप एकच, पण एका घरास तें लावलें गेलें, दुसऱ्यास नाहीं.

आपल्याकडे धुणेंभांडीं करणाऱ्या बाईंचें घर किती मापांचें आहे हें आपणांपैकीं कितीजण सांगूं शकतील ? महाराष्ट्रानें २००८ सालीं घरेलू कामगारांसाठीं कल्याण मंडळाचा कायदा केला. पण दर ठरतो तो ओट्याजवळच. तेव्हां घरोघरच्या जमाखर्चाच्या वहींत एक पान ह्या कामीं खर्चीं घालावें. जानेवारी व जुलै महिन्यांत आपला भत्ता किंवा पेन्शन ज्या प्रमाणांत वाढेल, त्याच प्रमाणांत बाईंचा पगार न मागतां वाढवावा. आजारपणाच्या व सणाच्या दिवसांचे पैसे कापूं नयेत. ह्यानें निर्वाहवेतनाचा प्रश्न सुटणार नाहीं हें खरें. पण सरकारनें आणि शेतकऱ्यानें काय करावें हें सांगण्यापूर्वीं, ज्या घरांत वेतन ठरविणारे आपणच आहोंत तेथें चालू भावाऐवजीं घर मोजण्यास आरंभ होईल.