'एवढं आलोय' हे कारण नाही : सिनाईच्या डोंगरावरची एक रात्र



मागच्या व्हिडिओत मी सिनाईच्या डोंगराचा उल्लेख केला आणि तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, डोंगराचा आणि धंद्याचा काय संबंध?" व्हिडिओत वेळ कमी पडतो, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. फिरायला जाण्याची माहितीही आहे, पण खरा मुद्दा माझ्या मिरजेच्या गाळ्याचा आहे. तो पुढे येईल.

दुबईत नोकरी करणारा माझा कॉलेजचा मित्र खूप दिवस मागे लागला होता. शेवटी फेब्रुवारीत आम्ही इजिप्तमध्ये भेटलो आणि शर्म अल शेखहून रात्री गाडीने निघालो. वाटेत पोलिसांच्या चौक्या, पासपोर्ट तपासणी, बाहेर नुसता काळा वाळवंटी डोंगर. मध्यरात्रीनंतर सेंट कॅथरीनच्या मठापाशी पोचलो. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने बांधलेला हा मठ आजही चालू आहे. मठ समुद्रसपाटीपासून साधारण दीड हजार मीटरवर आहे. म्हणजे आपण कळसूबाईच्या माथ्यावर जेवढे उंच असतो, जवळपास तेवढ्या उंचीवरून तिथे चढायला सुरुवात होते! माथा २२८५ मीटरवर. डोंगराचं स्थानिक नाव जबल मुसा. मोशेला दहा आज्ञा इथेच मिळाल्या अशी श्रद्धा आहे, म्हणून ज्यू, ख्रिश्चन, मुस्लिम सगळेच या जागेला मानतात.

रात्री का चढायचं? एक, सूर्योदय माथ्यावरून बघायला. दोन, दिवसा त्या उघड्या दगडावर सावलीच नाही. पण रात्रीची थंडी! वाळवंट म्हणजे गरम, या समजुतीत मी एक स्वेटर आणि विंडचिटर घेऊन गेलो होतो. हिवाळ्यात तिथे पारा शून्याखाली जातो. मार्केट न बघता माल भरणारा दुकानदार कसा असतो, तसा मी होतो.

तोच उंटवाला, तेच गिऱ्हाईक

गाइडशिवाय वर सोडत नाहीत. गाइड असतो जबालिया या बदाऊन जमातीतला. मठाच्या सेवेसाठी जस्टिनियनने आणलेल्या लोकांचे आपण वंशज, असं ही जमात सांगते. कोणता गाइड कोणासोबत जाणार हे नंबराने ठरतं, असं आमच्या गाइडने सांगितलं. आपल्या रिक्षा स्टँडसारखंच. आज याचा नंबर, उद्या त्याचा. त्यामुळे गिऱ्हाईक ओढायला भांडण नाही आणि भाव पाडायची शर्यतही नाही.

वर जायला दोन वाटा आहेत. एक, जुन्या दगडी पायऱ्यांची, जवळजवळ ३७५० पायऱ्या. दुसरी लांब पण रुंद, उंटांची वाट. ती एकोणिसाव्या शतकात अब्बास पाशाच्या काळात झाली. रात्री सगळे उंटाच्या वाटेनेच जातात.

सुरुवातीलाच अंधारातून आवाज आला, "कॅमल? गुड कॅमल!" आम्ही हसून पुढे गेलो. अर्ध्या तासाने परत तोच आवाज. तेव्हा मी जरा थांबलो. तासाभराने माझ्या पुढचे एक काका काही न बोलता उंटावर बसले. उंटवाल्याने भाव कमी केला नव्हता की नवीन काही सांगितलं नव्हतं. फक्त गिऱ्हाईक थकेपर्यंत तो शांतपणे सोबत चालत राहिला. आपण काय करतो? एकदा नाही म्हटलं की त्या माणसाचं नाव वहीतून खोडतो. त्याची गरज अजून तयार झालेली नसते, एवढंच.

वाटेत चहाच्या टपऱ्या लागतात, आणि जसजसे वर जाल तसतसा चहा महाग. कुणी कुरकुर करत नाही. सामान कसं वर आलं हे प्रत्येकाच्या पायांना कळलेलं असतं. तुमच्या मालामागची मेहनत गिऱ्हाइकाला दिसली, तर भावाचं समर्थन करत बसावं लागत नाही.

शेवटच्या पायऱ्या

उंटांची वाट एका जागी संपते. तिथून माथ्यापर्यंत साडेसातशेच्या आसपास पायऱ्या उरतात. पायऱ्या म्हणजे वेडेवाकडे, उंच-सखल दगड. शेवटच्या टपरीत आम्ही चहाला बसलो. मित्राचा उजवा गुडघा अर्ध्या वाटेपासून दुखत होता. तो म्हणाला, "तू जा. मी इथेच थांबतो."

मी वैतागलो. "अरे, एवढं आलोय! आता फक्त शेवटचा टप्पा. एवढ्यासाठी सोडणार?"

तो शांतपणे म्हणाला, "एवढं आलोय हे वर जायचं कारण होऊ शकत नाही. याच गुडघ्यावर मला खाली उतरायचंय. आणि अरे, सूर्य काय फक्त वरूनच दिसतो?"

मला उत्तर सुचलं नाही. गाइड "यल्ला" म्हणाला आणि मी त्याच्या मागे निघालो. पण त्या साडेसातशे पायऱ्या मी मित्राशी मनातल्या मनात भांडतच चढलो. कारण 'एवढं घातलंय' हे वाक्य मी चौदा महिने रोज स्वतःला ऐकवत होतो.

आता मिरजेचा गाळा. सांगलीतलं माझं भांड्यांचं दुकान बरं चालतंय म्हणून मी मिरजेत दुसरा गाळा घेतला होता. दीड लाख डिपॉझिट, सव्वादोन लाखांचं फर्निचर. दुकान चालेना. विक्रीतून मालाची किंमत, भाडं, पगार, लाइटबिल वजा केलं की दर महिन्याला साधारण नऊ हजार माझ्या खिशातून जायचे. चौदा महिन्यांत सव्वा लाख. घरी सांगायचो, "जम बसायला वेळ लागतो." खरं म्हणजे लोक काय म्हणतील याची भीती होती. दुसऱ्यांना धंदा शिकवतो आणि स्वतःचं दुकान बंद करतो!

माथ्यावरचं ब्लँकेट

माथ्यावर एक छोटं चर्च आहे, एक छोटी मशीद आहे आणि बदाऊन लोक ब्लँकेट भाड्याने देतात. मी कुडकुडत होतो. ते ब्लँकेट विकायला असतं तर मी घेतलं नसतं. विमानात कुठे नेणार? पण तासाभरासाठी भाड्याने लगेच घेतलं. मला ब्लँकेट नकोच होतं, एक तासाची ऊब हवी होती, आणि त्या माणसाला ते बरोबर कळलं होतं.

मग सूर्य आला. आधी डोंगरांच्या कडा जांभळ्या, मग लाल. काही लोक प्रार्थना म्हणत होते, बाकीचे मोबाइल धरून उभे. फार सुंदर होतं, खोटं कशाला बोलू. पण मला तिथे साक्षात्कार वगैरे झाला नाही. थंडीने दात वाजत होते.

टपरीवर परत आलो तर मित्र टपरीवाल्याशी मोडक्या अरबीत गप्पा मारत बसला होता. त्यानेही सूर्योदय बघितला होता, गरम चहा पीत. उतरताना माझेच गुडघे थरथरत होते, तो मात्र हळूहळू स्वतःच्या पायांवर गाडीपर्यंत आला. वर आला असता तर बहुतेक आम्हाला त्याला उंटावर घालून आणावं लागलं असतं.

घरी आल्यावर

मी वहीच्या एका पानावर एकच प्रश्न लिहिला : आज माझ्या हातात रोख पैसे असते, तर हाच गाळा, याच भाड्याने, आज घेतला असता का? उत्तर नाही असं होतं. दोन ओळींत संपलं.

नोटीस दिली. रंगरंगोटीचे पैसे कापून डिपॉझिट परत मिळालं, फर्निचर निम्म्याहून कमी किमतीत गेलं, माल सांगलीला आणला. तिथे कामाला असलेल्या मुलाला एक महिन्याचा जादा पगार दिला, ओळखीत शब्द टाकला. तरी त्याला दुसरं काम लागायला दीड महिना गेला. ते मला अजून टोचतं. सहा महिने आधी ठरवलं असतं, तर त्याला नीट वेळ देता आला असता. उशिराचा खर्च फक्त मालक भरत नाही, हे लक्षात ठेवा.

आणि ते ब्लँकेट? आता मी मोठी पातेली आणि कढया भाड्याने देतो. घरची सत्यनारायणाची पूजा, चाळीस-पन्नास माणसं, एवढ्यासाठी मोठा मंडपवाला कोण बोलावणार? कमाई फार नाही, पण न विकली गेलेली भांडी आता कामाला लागली आहेत.

एक सांगतो, गैरसमज नको. दुखलं की उतरा, असं मी म्हणत नाही. पाय तर माझेही दुखत होते, मी वर गेलो. त्रास आणि इजा यात फरक आहे. सुरुवातीच्या महिन्यांत विक्री कमी असणं हा त्रास. वर्ष उलटूनही तोटा तेवढाच राहणं ही इजा.

या आठवड्याचं काम

१. धंदा सुरू करण्याआधीच, डोकं शांत असताना, परत फिरण्याची खूण लिहून ठेवा. अमुक महिन्यांत तोटा अमुक रकमेच्या खाली आला नाही, तर थांबायचं. डोंगर चढणारे जाणते लोक परतीची वेळ पायथ्याशीच ठरवतात.

२. ती खूण घरातल्या एका माणसाला सांगा. वेळ आली की आपण स्वतःला फसवतो, तो माणूस फसत नाही.

३. धंदा आधीच चालू असेल, तर माझा वहीतला प्रश्न स्वतःला विचारा. उत्तर लगेच आलं नाही तर महिन्याचा हिशोब समोर ठेवून परत विचारा.

आणि सिनाईला गेलात तर जाड जॅकेट, कानटोपी आणि टॉर्च न्या. ब्लँकेट वर मिळतं. चहा पिऊन "शुकरन" म्हणायला विसरू नका.

भेटू पुढच्या व्हिडिओत!