उन्हातले डबके आणि हिवतापाचा डास

सूर्यप्रकाश जेथे पोचतो तेथे रोग टिकत नाही, ही समजूत आपल्या मनात इतकी खोल रुजलेली आहे की, मेळघाटातील धारणीकडील मुलखात हिवताप पसरविणारा प्रमुख डास स्वच्छ, उघड्या आणि उन्हाने कोमट झालेल्या पाण्यातच वाढतो, हे सांगितले तर पुष्कळांना ते खरे वाटत नाही. ॲनॉफिलीस क्युलिसिफेसिस हे त्याचे शास्त्रीय नाव. गटारातील काळ्या पाण्याशी त्याला फारसे कर्तव्य नाही; तो इलाखा क्युलेक्स डासाचा.

सिपना, गडगा, खापरा या तापीला मिळणाऱ्या नद्या ऐन पावसाळ्यात भरून वाहतात तेव्हा त्या अळ्यांना धुऊनच नेतात. मात्र पाऊस ओसरून धार तुटली, आणि पात्रातील खडकांच्या खळग्यांत, वाळूत खोदलेल्या झिऱ्यांत, गुरांच्या खुरांनी पडलेल्या खोलगटांत पाणी साचून राहिले, की खरा धोका सुरू होतो. त्या पाण्यावर ऊन पडते, सूक्ष्म शेवाळ वाढते, आणि श्वासनलिका नसल्यामुळे पृष्ठभागाला समांतर पडून राहणाऱ्या ॲनॉफिलीसच्या अळीला तोंडाशीच अन्न मिळते. उष्णतेने तिची वाढही झपाट्याने होते. थंड पाण्यात काही आठवडे रेंगाळणारा अंड्यापासून पंखांपर्यंतचा प्रवास कोमट पाण्यात आठ-दहा दिवसांत उरकतो. परंतु तेच ऊन तिचा काळही ठरू शकते: वीतभरही खोली नसलेले डबके चाळीस अंशांपलीकडे तापले, अथवा ती मुदत भरण्यापूर्वीच आटले, तर अळ्यांचा निकाल तेथेच लागतो. म्हणून जे फार तापत नाही, लवकर आटत नाही आणि ज्यात मासे उरलेले नाहीत, असे मध्यम डबकेच सर्वांत घातक होय.

याच्या उलट, डोंगरपायथ्याच्या संथ झऱ्यांत, काठच्या गवताच्या आडोशाने वाढणारा ॲनॉफिलीस फ्लुविॲटिलिस नावाचा दुसरा वाहक आहे. तेव्हा ‘झाडी तोडा’ किंवा ‘झाडी लावा’ असा सरसकट हुकूम येथे उपयोगाचा नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी मलायात माल्कम वॉटसन यांना हाच अनुभव आला; सखल भागात जंगल साफ केल्याने हिवताप हटला, पण डोंगराळ भागात ओढे उघडे पडताच ऊन आवडणारा निराळा डास तेथे माजला. आसामच्या चहामळ्यांत पुढे ओढ्यांवर मुद्दाम दाट झुडपे लावून अंधार केला गेला, तो तेथील डासाला सावली सोसत नव्हती म्हणून.

धारणीपुरते बोलावयाचे तर, पावसाळा सरताच वस्तीलगतच्या पात्रातील डबकी वाळूने बुजवावीत किंवा चर काढून वाहत्या धारेला जोडावीत. गप्पी मासे विहिरी व टाक्यांत अवश्य सोडावेत. ते मूळचे दक्षिण अमेरिकेतले असल्याने नदीत मात्र सोडू नयेत. हा बंदोबस्त दर आठवड्याला व्हावा. पंधरवड्याने केलेली पाहणी उशिराची ठरते, कारण तोवर डास उडून गेलेले असतात.