पाचच वेळा, पण जड

नाशिकच्या एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. वय ५४, पाळी जाऊन सहा वर्षं झाली. रोज सकाळी पाच किलोमीटर चालतात, कॅल्शियमची गोळी चुकवत नाहीत, तरी डेक्सा तपासणीत कंबरेच्या मणक्यांची घनता उतरलेली निघाली. मुलगी म्हणते, जिममध्ये जाऊन वजनं उचल. मैत्रिणी म्हणतात, या वयात नसतं दुखणं ओढवून घेशील. त्यांनी विचारलंय एवढंच, की चालणं पुरत नाही का?

हाडांसाठी पुरत नाही. हृदय, रक्तातली साखर, झोप, मन या सगळ्यांना चालण्याने खूप मिळतं, तेव्हा चालणं सोडायचं कारण नाही. पण पाळी गेलेल्या स्त्रियांच्या चालण्यावर झालेले अभ्यास एकत्र करून तपासले, तेव्हा कंबरेच्या मणक्यांच्या घनतेत दखल घ्यावी असा फरक सापडला नाही. रोज हजारो पावलं टाकूनही हाड ढिम्म कसं राहतं, हे कळण्यासाठी मला तुम्हाला एका पक्ष्याच्या पंखाकडे न्यायचं आहे.

हाडावर भार पडला की ते त्या भाराप्रमाणे स्वतःला घडवतं, हा नियम बर्लिनचे शल्यविशारद यूलिउस वोल्फ यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांचा ग्रंथ १८९२ सालचा. पण कसला भार, किती वेळा, किती जोराचा, याबद्दल वोल्फ काही सांगू शकत नव्हते. ते काम केलं लान्स लॅनियन या ब्रिटिश पशुवैद्याने, आणि त्याचं नाव सामान्य वाचकापर्यंत कधी पोचलंच नाही याची मला मनापासून खंत आहे. धातूच्या पट्टीवरचा ताण मोजायला इंजिनिअर जी चिमुकली उपकरणं चिकटवतात, ती लॅनियननी जिवंत प्राण्यांच्या हाडांवर चिकटवली आणि प्राणी चालताना हाड किती वाकतं ते मोजलं. १९७५ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका माणसाच्या नडगीवरही हे मोजमाप केलं. पुढे क्लिंटन रुबिन यांच्यासोबत त्यांनी दाखवलं की उधळणारा घोडा असो की पंख फडफडवणारी टर्की, सर्वाधिक ताणाच्या क्षणी हाडाचा आकार साधारण ०.२ ते ०.३ टक्के बदलतो. इतके वेगवेगळे प्राणी, इतकी वेगवेगळी हाडं, आणि आकडा जवळपास तोच! हाडं आपापली जाडी या आकड्याभोवतीच राखतात.

मग १९८४ चा तो प्रयोग आला. पक्ष्याच्या पंखातलं एक लांब हाड त्यांनी दोन्ही टोकांना शेजारच्या हाडांपासून सुटं केलं. रक्तपुरवठा शाबूत, पण पंखाच्या हालचालीचा भार शून्य. मग यंत्राने त्या हाडावर मोजून भार द्यायचा. काहीच भार न दिलेलं हाड झिजत गेलं. दिवसातून फक्त चार वेळा भार दिलेलं हाड टिकून राहिलं. ३६ वेळा दिला, ज्याला दोन मिनिटंही लागत नाहीत, तर सहा आठवड्यांत हाडातलं खनिज सुमारे ४० टक्क्यांपर्यंत वाढलं. आणि १८०० वेळा दिला तेव्हा? तेवढंच. ३६ च्या वर एक कणही जास्त मिळाला नाही.

पाच किलोमीटर म्हणजे सात हजार पावलं, प्रत्येक पायावर साडेतीन हजार. ही पावलं सगळी सारखी, आणि तो भार त्या हाडांच्या वर्षानुवर्षांच्या ओळखीचा. पहिल्या काही डझन पावलांतच हाडाचं लक्ष उडतं. त्याला जागं करायला रोजच्यापेक्षा मोठा भार लागतो, आणि तो मोजकाच लागतो.

हे 'लक्ष' कोण देतं? हाडाच्या आत गाडल्या गेलेल्या पेशी. त्यांना सूक्ष्म कालव्यांतून फांद्या फुटलेल्या असतात, हाड किंचित वाकलं की त्या कालव्यांतला द्रव हलतो, आणि पेशींना कळतं. एरवी या पेशी स्क्लेरोस्टिन नावाचं प्रथिन सोडून नवं हाड बांधण्याला लगाम घालत असतात. भार पडला की ते कमी सोडतात. या प्रथिनाचा शोध दक्षिण आफ्रिकेतल्या आणि नेदरलँड्समधल्या काही कुटुंबांमुळे लागला. त्यांच्यात जन्मतःच त्याचा अभाव होता आणि हाडं विलक्षण घट्ट, जाड झाली होती. आज याच प्रथिनाला अडवणारं इंजेक्शन ठिसूळ हाडांवर दिलं जातं. त्याचा परिणाम व्यायामाहून मोठा असतो, हेही सांगितलं पाहिजे. ज्यांना डॉक्टरांनी औषध दिलंय त्यांनी ते व्यायामाच्या भरवशावर सोडू नये.

इथे कोणी म्हणेल, आमच्या आज्या कुठे जिममध्ये गेल्या होत्या? या प्रश्नाला एक उत्तम शास्त्रीय उत्तर आहे. २०१७ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या अ‍ॅलिसन मॅकिंटॉश आणि सहकाऱ्यांनी मध्य युरोपात सापडलेले, शेतीच्या आरंभकाळातल्या स्त्रियांचे सुमारे सात हजार वर्षांपूर्वीचे सांगाडे तपासले. तुलनेला त्यांनी आपल्याच विद्यापीठाच्या बोट वल्हवणाऱ्या मुली घेतल्या, ज्या आठवड्याला कित्येक तास वल्ही मारतात. त्या प्राचीन बायकांच्या दंडाची हाडं या खेळाडूंपेक्षा ११ ते १६ टक्के बळकट निघाली! कारण काय असावं? मशागत, आणि रोज तासन्‌तास धान्य भरडणं. त्या काळी फिरतं जातं नव्हतं. खोलगट दगडावर दुसरा दगड दोन्ही हातांनी पुढे-मागे रेटायचा. पाटा-वरवंटा वापरलेल्या कोणालाही ती हालचाल खांद्यात आठवेल. पुरुषांच्या हाडांवरून त्या काळाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी बायकांच्या कष्टाचं मोजमाप कमी केलं होतं, हा त्या संशोधनाचा दुसरा निष्कर्ष, आणि मला तो पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो. अर्थात या कष्टांचं गुणगान करायची माझी तयारी नाही. त्या बायकांना विश्रांती नव्हती, निवड नव्हती. मिक्सर आणि पिठाची गिरणी आली हे चांगलंच झालं. फक्त हाडांना मिळणारा तो भार गेला, तो आता ठरवून द्यावा लागतो.

पाळी जाण्याच्या आसपास हा हिशेब तातडीचा होतो. इस्ट्रोजेन उतरलं की हाड झिजवणाऱ्या पेशींवरचा अंकुश सुटतो, आणि पहिल्या काही वर्षांत मणक्यांतलं दहा टक्क्यांपर्यंत हाड जाऊ शकतं. भारतात पाळी सरासरी ४६-४७ च्या सुमाराला जाते, पाश्चात्त्य देशांपेक्षा काही वर्षं आधी. अशा स्त्रियांना आजवर काय सांगितलं गेलं? वाकू नका, उचलू नका, जपून राहा. ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठाच्या बेलिंडा बेक यांनी याच्या बरोब्बर उलट करून पाहिलं. पाळी गेलेल्या, हाडांची घनता कमी असलेल्या १०१ स्त्रिया, सरासरी वय ६५. त्यांतल्या अर्ध्याजणींना घरी करायचे हलके व्यायाम दिले. बाकीच्यांना आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, जड बारबेल. जमिनीवरून बार उचलून ताठ उभं राहायचं, तो डेडलिफ्ट. खांद्यावर बार घेऊन बैठक मारायची, तो स्क्वॉट. बार डोक्यावर ढकलायचा, तो प्रेस. शिवाय दांड्याला लटकून धपकन जमिनीवर उतरायचं. प्रत्येक प्रकार पाच वेळा, असे पाच सेट. वजन किती? एका वेळी जास्तीत जास्त जेवढं उचलता येईल त्याच्या ८० टक्क्यांहून अधिक. आठ महिन्यांनंतर हलक्या व्यायामाच्या गटात मणक्यांची घनता १.२ टक्क्यांनी घटली होती. जड वजनाच्या गटात ती २.९ टक्क्यांनी वाढली होती. दुखापत? एकीची कंबर थोडी धरली, एवढीच. मात्र पहिला महिना त्यांनी हलक्या वजनावर फक्त पद्धत शिकण्यात घालवला होता आणि प्रत्येक सत्राला जाणकार प्रशिक्षक समोर उभा होता, हे या यशातलं निम्मं गुपित आहे. ते वगळून कोणी या प्रयोगाचं नाव सांगत असेल, तर त्याचं ऐकू नका.

तरुण मुलींची भीती वेगळी असते: वजनं उचलली तर पुरुषी दिसेन. १९७४ मध्ये जॅक विल्मोर यांनी तरुण-तरुणींना दहा आठवडे सारखाच वजनांचा व्यायाम दिला. टक्केवारीत मुलींची ताकद मुलांच्या तोडीने वाढली, पण दंड-मांड्यांचा घेर मात्र त्यांच्यात फारसा बदलला नाही. स्त्रियांपेक्षा पुरुषांच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन पंधरा पटीच्या आसपास असतं; शिवाय पहिल्या काही आठवड्यांत वाढणारी ताकद मुख्यतः मज्जासंस्थेची कमाई असते. स्नायूतले जे तंतू आजवर झोपलेले होते, त्यांना मेंदू एकत्र हाक मारायला शिकतो. म्हणूनच महिनाभरात आरसा तसाच राहतो आणि गव्हाचं पोतं मात्र हलकं लागतं.

आणि उशीर झाला असं वाटणाऱ्यांसाठी: १९९० मध्ये बॉस्टनला मारिया फियातारोने यांनी वृद्धाश्रमातल्या दहा जणांना, ज्यांचं सरासरी वय ९० होतं, आठ आठवडे पायांनी जड वजन उचलायला लावलं. मांडीची ताकद सरासरी १७४ टक्के वाढली. दोघांनी काठी सोडली. नव्वदीत!

इतकं ठाऊक असूनही बायकांच्या हातात गुलाबी रंगाचं एक किलोचं डंबेल का ठेवतात, याचा मला राग येतो. घरगुती गॅसचा भरलेला सिलिंडर जवळपास ३० किलोचा असतो. तो तिरका करून कडेवर फिरवत ओट्याखाली नेणारी बाई जिममध्ये आली की तिला 'टोनिंग' करायला सांगतात. स्नायू वाढतो किंवा घटतो, त्याच्यावरची चरबी कमी-जास्त होते. टोनिंग नावाची तिसरी क्रिया शरीरात होत नाही. खेळातही हाच संशय शतकभर राहिला. पुरुषांचं वेटलिफ्टिंग १८९६ च्या पहिल्याच ऑलिंपिकमध्ये होतं, स्त्रियांना २००० च्या सिडनीपर्यंत थांबावं लागलं. आणि त्या पहिल्याच संधीला कर्णम मल्लेश्वरीने ६९ किलो गटात एकूण २४० किलो उचलून भारताच्या पहिल्या महिला ऑलिंपिक पदकाचा मान मिळवला. टोकियोत मीराबाई चानूने रौप्य जिंकलं ते ४९ किलो गटात, २०२ किलो उचलून. आपल्या सांगलीच्या काजोल सरगरने २०२२ च्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत ४० किलो गटात सुवर्ण मिळवलं. चाळीस किलो! आठवी-नववीतल्या बारीक मुलीचं वजन असतं हे.

आता नवी टूम आहे पाळीच्या चक्रानुसार व्यायाम बदलण्याची. अ‍ॅप निघाली आहेत, महागडे कोर्स निघाले आहेत. २०२० मध्ये यावरचे उपलब्ध अभ्यास एकत्र तपासले गेले तेव्हा चक्राच्या टप्प्यांमुळे कामगिरीत पडणारा फरक सरासरी नगण्य निघाला. पोटात दुखत असेल तर त्या दिवशी विश्रांती घ्यावी, त्यासाठी अ‍ॅप नको. पावडरीच्या डब्याचंही तसंच. भारतीय शिफारशीनुसार किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, वजनं उचलणारीला त्याहून बरीच जास्त, १.६ ग्रॅमपर्यंत. एका अंड्यात ती सुमारे ६ ग्रॅम असतात. वरण, उसळ, दही, पनीर, अंडी, मासे यांतून ती भागवता येतात, पण वाटी मोठी घ्यावी लागते आणि सगळ्यांना वाढून झाल्यावर तळाशी उरलेलं वरण स्वतः घेण्याची सवय मोडावी लागते. आणखी एक गोष्ट जिमवाले विचारत नाहीत: हिमोग्लोबिन. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला आहे. दोन जिने चढून धाप लागत असेल तर आधी रक्त तपासा.

सुरुवात करताना आठवड्यातले दोन दिवस पुरेत, मध्ये किमान एक दिवस मोकळा. खुर्चीवर बसून हात न टेकता उठणं हाच पहिला स्क्वॉट. तो दहा वेळा सहज जमला की हातात डंबेल घ्यायचं. डेडलिफ्टसाठी कंबर न वाकवता खुबे मागे नेणं आधी शिकायचं, भिंतीकडे पाठ करून, भिंतीला खुबे टेकवत. त्याला जोड म्हणून काहीतरी स्वतःकडे ओढणं, काहीतरी डोक्यावर ढकलणं. महिनाभर हे नीट बसवल्यावर वजन असं निवडायचं की पाच-सहा वेळा उचलल्यावर आणखी एक-दोनदाच जमेल असं वाटावं. ते सोपं झालं की थोडं वाढवायचं. दोन सेटमध्ये दोन मिनिटं थांबायचं, घाई नको. मणक्याला आधीच फ्रॅक्चर झालं असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल, तर डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्टना विचारल्याशिवाय बारला हात लावू नका. वजन घेऊन पुढे वाकणं अशा मणक्याला धोक्याचं असतं. जिम निवडताना बार विचारून घ्या. स्पर्धेतला पुरुषांचा बार २० किलोचा आणि स्त्रियांचा १५ किलोचा असतो, जाडीलाही कमी, म्हणून लहान मुठीत नीट बसतो. बऱ्याच जिममध्ये २० चाच असतो. मग डंबेलने सुरुवात करा.

डेक्सा मात्र वर्षाच्या आत पुन्हा काढू नका. हाडाचं जुनं काढून नवं भरण्याचं काम महिनोन्‌महिने चालतं, आणि तीन-चार महिन्यांत होणारा बदल यंत्राच्या मोजमापातल्या चुकीएवढाच असतो. तोवर एका वहीत तारीख, व्यायाम, वजन आणि किती वेळा उचललं एवढं लिहीत जा.