टोलेडोची जीप आणि दहा सुताचा शाफ्ट

ओहायोतल्या टोलेडो शहरात 'ओव्हरलँड' असं नाव मिरवणारी एक उंच चिमणी उभी आहे. तिच्या पायथ्याशी विलीज-ओव्हरलँड या मोटार कंपनीचा जुना कारखाना होता. या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत तो पाडला, चिमणी तेवढी ठेवली. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपा याच शहरातून बाहेर पडल्या आणि १९५३ ते १९६८ या काळात सीजे-३बी हे मॉडेलही इथंच बनलं. एकूण १,५५,४९४ गाड्या. मी शेजारच्या मिशिगन राज्यात राहतो आणि माझ्याकडे त्यांतलीच एक, १९५५ सालची, चालत्या स्थितीत आहे. ती जिथं जन्मली ते शहर गाडीने फार लांब नाही. तिचे सुटे भाग मात्र मला बरेचदा साताऱ्यातून, कोल्हापुरातून आणि मुंबईतून येतात. इथल्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात हे सांगितलं की लोक चकित होतात. जीपचं पुढचं आयुष्य कुठे गेलं हे ज्याला ठाऊक आहे, त्याला यात नवल वाटायचं कारण नाही.

३बी ओळखायची तिच्या उंच बॉनेटवरून. आधीच्या जीपांत दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच होते. इंजिन बसकं होतं आणि ताकद साठ हॉर्सपॉवर. नव्या 'हरिकेन' इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेला, एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्येच ठेवला. घनफळ तेच, २.२ लिटर, पण ताकद सत्तरच्या पुढे गेली. इंजिन उंच झालं, म्हणून बॉनेट वर उचलावं लागलं आणि समोरची जाळीही त्याबरोबर वाढली. अमेरिकेत पुष्कळांना हे रूप रुचलं नाही. मला ते फार आवडतं, आणि मराठी वाचकाला तर जीप म्हटलं की हाच चेहरा आठवेल. तहसीलदारांची जीप, वनखात्याची जीप, निवडणुकीत भोंगा लावून गावोगाव फिरणारी जीप, सातारा-सांगली-कोल्हापूरच्या रस्त्यांवर दहा-पंधरा माणसं कोंबून धावणारं वडाप, या सगळ्यांचा चेहरा ३बीचाच.

तो आपल्याकडे कसा आला, ते थोडक्यात सांगायला हवं. १९४५ साली के. सी. महिंद्रा, त्यांचे बंधू जे. सी. महिंद्रा आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी पोलादाच्या व्यापारासाठी महिंद्रा अँड मोहम्मद ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढे गव्हर्नर जनरलही. कंपनीच्या नावातला 'मोहम्मद' गेला. युद्धकाळात अमेरिकेत असताना के. सी. महिंद्रांची गाठ बार्नी रूस यांच्याशी पडली होती. जीपच्या इंजिनाला आकार देणारा अभियंता तो हाच. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत मुंबईत माझगावला पेट्यांतून आलेल्या सुट्या भागांच्या जीपा जोडायला सुरुवात झाली. पुढे परवाना घेऊन त्या भारतातच बनू लागल्या. असाच परवाना जपानमध्ये मित्सुबिशीने घेतला, आणि त्यांनी तर १९९८पर्यंत जीप बनवली. तुर्कस्तान आणि स्पेनमध्येही कारखाने निघाले. टोलेडोत ३बी १९६८ला थांबली. भारतात तिचाच सांगाडा डिझेल इंजिनं घालून, लांबी वाढवून, नावं बदलून पुढे कित्येक दशकं राबत राहिला.

माझ्या मते सगळी मेख इथं आहे. अमेरिकेने जीपची कागदपत्रं जपली. कारखान्याची मॅन्युअलं, पार्टांचे कॅटलॉग, सहा आकडी नंबर, सगळं व्यवस्थित मिळतं. भारताने तिचं काम जपलं. गाडी जिथं शेवटपर्यंत पोटापाण्यासाठी पळाली तिथंच तिचे भाग बनत राहिले, तिथंच ते जोडणारे हात तयार झाले. परदेशात राहून जुनी जीप चालवायची तर ही दोन टोकं एकत्र आणावी लागतात, आणि मराठी माणसाला ते इतरांपेक्षा सोपं जातं.

अमेरिकेत भाग मिळतच नाहीत असं नाही. जुन्या विलीजचेच भाग विकणारी दुकानं आहेत, घरपोच माल येतो. पण खोका उघडला की आत कितीदा तरी 'मेड इन इंडिया' असतं. अख्खी बॉडी हवी असेल तर फिलिपिन्सची एम. डी. हुआन ही कंपनी पत्र्याची नवी कोरी बनवते. अमेरिकन सैन्याने मागे सोडलेल्या जीपांपासून तिथं जीपनी नावाची प्रवासी गाडी उभी राहिली, त्याच परंपरेतलं हे काम.

मग थेट भारतातूनच का मागवू नये? मागवावं, पण माप घेऊन. बेअरिंगचं काम सगळ्यांत सोपं. पुढच्या चाकाच्या हबचं टेपर बेअरिंग १८५९०, त्याची वाटी १८५२०. स्टिअरिंग नकलच्या किंगपिनचं ११५९०, वाटी ११५२०. हे आकडे बेअरिंगच्या कडेवरच कोरलेले असतात. ते कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, ऑपेरा हाऊसच्या मोटार पार्टांच्या दुकानात किंवा डेट्रॉइटच्या काउंटरवर सारखेच चालतात. गाडीचं नावही सांगावं लागत नाही. जीपचं नाव घेतलं की किंमत चढते, म्हणून मी ते सांगतच नाही.

अवघड गोष्टी पुढे सुरू होतात. ट्रान्सफर केसचंच घ्या. गिअरबॉक्सच्या मागे बिडाची एक पेटी असते. इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या दोन्ही धुऱ्यांकडे वाटून देण्याचं काम तिचं. तिच्या मधोमध एक साधा गोल शाफ्ट असतो. तो स्वतः फिरत नाही. त्याच्याभोवती बारीक सुयांच्या रोलरवर मधला गिअर फिरतो. हा शाफ्ट झिजला की गिअर रडायला लागतो आणि तेल गळू लागतं. दिसायला अगदी किरकोळ वस्तू. पण वर्षानुवर्षं सुधारणा होत गेल्याने या एका शाफ्टच्या तीन जाड्या झाल्या, आणि बाहेरून तिन्ही पेट्या जवळपास सारख्याच दिसतात.

माझ्या मावसभावाने साताऱ्यातल्या एका मिस्त्रींशी गाठ घालून दिली. त्यांची उभी हयात वडापच्या जीपा खोलण्यात गेली आहे. आमचं बोलणं साधारण असं झालं:

"मिस्त्री, ट्रान्सफरचा मधला शाफ्ट पाहिजे होता."

"कितीचा? सहा सूत, नऊ सूत का दहा सूत?"

"गाडी पंचावन्नची आहे."

"सालावर जाऊ नका, साहेब. सत्तर वर्षांत किती हातांतनं गेली असंल ती. आधी खोला, कॅलिपर लावा, मग फोन करा."

सहा सूत म्हणजे पाऊण इंच, युद्धातल्या जीपांचा. नऊ सूत म्हणजे एक इंच आणि वर एक अष्टमांश. दहा सूत म्हणजे सव्वा इंच, तो शेवटचा आणि सगळ्यांत दणकट. अमेरिकन कॅटलॉगमध्ये जे तीन रकान्यांत छापलंय ते मिस्त्रींना पाठ होतं, आणि तेही सुतांत. खोलून पाहिलं तर दहा सूत निघालं. आठवड्याभरात शाफ्ट, रोलर, वॉशर आणि पॅकिंगचा सेट भावाच्या हातात पडला.

स्टिअरिंगचा बॉक्सही भारतातला जुळतो, आणि त्यामागचं कारण आपल्या बऱ्याच वाचकांना आठवेल. भारतात रस्त्याची डावी बाजू, म्हणजे गाडीचं स्टिअरिंग उजवीकडे हवं. तरीही महिंद्राच्या जीपा दीर्घकाळ डाव्या स्टिअरिंगच्याच होत्या. मागून येणाऱ्याला इशारा म्हणून पाठीवर ठळक अक्षरांत 'लेफ्ट हँड ड्राइव्ह' रंगवलेलं असायचं. रस्त्यावर ती गैरसोय होती, पण तिच्यामुळेच त्या काळातला भारतीय बॉक्स अमेरिकन जीपला बसतो. उजवीकडे स्टिअरिंग आलेल्या नंतरच्या गाड्यांचा चालत नाही. म्हणून मागवताना साल विचारू नये, बाजू विचारावी.

चाकांच्या बोल्टांचीही अशीच काळजी घ्यावी लागते. जुन्या विलीजमध्ये डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात, चाक फिरताना नट सैल होऊ नये म्हणून. अशा बोल्टांवर आणि नटांवर सहसा 'एल' हे अक्षर ठोकलेलं असतं. गंजाखाली ते दिसत नाही. मग माणूस पाना घेऊन सगळी ताकद लावतो आणि नट आणखी घट्ट होतो, शेवटी बोल्ट तुटतो. मेळाव्यांत तुटक्या बोल्टांच्या जीपा मी पाहिल्या आहेत. मागच्या धुऱ्याची तऱ्हा वेगळी. शाफ्टचं टोक निमुळतं, त्यावर चावीने हब बसवलेलं. सत्तर वर्षं बसलेलं हब हातोडीने निघत नाही, त्याला पुलरच लागतो.

आता मालाच्या दर्जाविषयी, कारण इथं डोळे उघडे ठेवले नाहीत तर गाडीचं नुकसान होतं. बाजारात 'ओरिजनल' हा शब्द स्वस्त आहे. एका दुकानातून आलेला गिअर हातात घेतल्याबरोबर मनात शंका आली: दात चकचकीत, पण कडा मऊ. मिस्त्रींनी शिकवलेली परीक्षा केली. दाताच्या कडेवर कानस फिरवायची. कानस घसरत गेली तर वरची कातडी कडक आहे, हार्डनिंग नीट झालं आहे. कानसेने धातू खाल्ला तर तो गिअर काही महिन्यांत झिजणार. तो गिअर खाल्ला गेला, आणि तो मी गाडीत घातला नाही. रबराच्या बाबतीतही असंच. इथल्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं, भारतात आता वीस टक्क्यांपर्यंत आलं आहे. फ्युएल पंपाचा जुन्या साठ्यातला कोरा डायफ्राम, डबी कितीही जुनी आणि देखणी असो, इथेनॉलपुढे टिकत नाही. तो नव्या रबराचाच घ्यावा. उलट जुन्या साठ्यातला गिअर, बेअरिंग, किंगपिन डोळे मिटून घ्यावेत. त्या काळचं पोलाद आणि त्याचं हार्डनिंग दोन्हीवर माझा विश्वास आहे.

जे मिळतच नाही ते बनवून घ्यावं लागतं, आणि त्यासाठी कोल्हापूरसारखं गाव शोधून सापडणार नाही. फाउंड्री आहे, लेथ आहे, आणि एकच नग आहे म्हणून तोंड वाकडं न करणारा टर्नर आहे. अमेरिकेत एक गनमेटलचा बूश कातून घ्यायचा तर वर्कशॉपचा तासाचा दर ऐकूनच माणूस गप्प होतो. नमुना पाठवला की कोल्हापुरातून तो घासून, हजारव्या भागापर्यंत मापात येतो.

राहतो प्रश्न वाहतुकीचा. बेअरिंगं, शाफ्ट, पॅकिंग अशा वस्तू येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या सामानात येतात. माझ्या आईने भाजणीच्या डब्याशेजारी किंगपिनचा सेट आणला आहे आणि विमानतळावर तो काय आहे हे न अडखळता सांगितलंही आहे. वापरलेला कार्ब्युरेटर किंवा फ्युएल पंप मात्र चुकूनही बॅगेत घालू नये. त्यात पेट्रोलचा वास जरी राहिला तरी तो धोकादायक माल ठरतो. जड वस्तू समुद्रामार्गे लाकडी खोक्यात येते, आणि त्या लाकडावर गव्हाच्या ओंबीचं आंतरराष्ट्रीय चिन्ह हवं. लाकूड ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवून किंवा दुसऱ्या मान्य पद्धतीने त्यातले किडे मारले आहेत, असा त्या शिक्क्याचा अर्थ. तो नसेल तर खोकं बंदरातूनच परत जाऊ शकतं. आत लोखंड आहे, कीड नाही, हा युक्तिवाद तिथं चालत नाही.

पोस्टाने मागवणं पूर्वी सोपं होतं. ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला अमेरिकेत आयातशुल्क लागत नसे. ऑगस्ट २०२५च्या शेवटी ती सूट गेली. त्याच सुमारास भारतीय टपाल खात्याने अमेरिकेची पार्सलं थांबवली, ती ऑक्टोबरच्या मध्यात पुन्हा सुरू झाली. तेव्हापासून छोट्या पार्सलचा हिशेब बदलला आहे. चार सुटे भाग चारदा मागवण्यापेक्षा गावातल्या गावात गोळा करून एकदाच पाठवणं परवडतं. म्हणजे तिकडे विश्वासाचा माणूस हवाच.

मला खरी काळजी वेगळ्याच गोष्टीची आहे. १ एप्रिल २०२३पासून भारतात १५ वर्षांहून जुन्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुढे वाढवली जात नाही. त्या भंगार केंद्रात जातात. धुराच्या दृष्टीने हा निर्णय बरोबर आहे, त्याविषयी माझी तक्रार नाही. पण पंचायत समित्यांच्या, पाटबंधारे खात्याच्या, वनखात्याच्या आवारांत झाडाखाली उभ्या असलेल्या कित्येक जीपा त्यात आल्या. त्यांच्या बिडाच्या पेट्या, धुऱ्यांची हौसिंगं, क्राउन-पिनियन यांना अजून पुष्कळ आयुष्य शिल्लक होतं. बेअरिंग उद्याही बनेल. तीस-चाळीस वर्षं चालून नीट बसलेलं बिडाचं हौसिंग भट्टीत गेलं की गेलं. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना २०२१च्या नियमाने व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, पण त्यासाठी गाडी अख्खी आणि कागदपत्रांसह हवी. अर्धवट खोललेल्या जीपेला कुणी वाली नाही. भंगार केंद्रांनी अशा गाड्यांचे यांत्रिक भाग वेगळे काढून विकावेत, एवढी साधी व्यवस्था झाली तरी कितीतरी जीपा अजून चालतील, इकडच्या आणि तिकडच्याही.

साताऱ्याच्या मिस्त्रींनी आपल्या शेडमध्ये लिलावातून आलेल्या दोन ट्रान्सफर केस बाजूला काढून ठेवल्या आहेत. एकीचं झाकण फुटलेलं आहे, दुसरी सील केल्यासारखी शाबूत आहे. माझ्या पेटीच्या मागच्या बेअरिंगची बैठक आता सैल होत चालली आहे, म्हणून मला ती दुसरी हवी आहे. मावसभाऊ रविवारी कॅलिपर घेऊन जाणार आहे. मधला शाफ्ट दहा सुताचा निघाला तर खोकं करायला सांगेन, ओंबीच्या शिक्क्याचं.